व्हीलचेअरचे चिन्ह लावण्याआधी मापाची टेप लावा

सांगली-मिरज परिसरातील दवाखाने, बँका, पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालये आणि सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही रॅम्प आणि दिव्यांगांसाठीच्या सोयींची कामे करतो. आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा फोन असा असतो: "पायऱ्या झाल्यात, फरशी बसलीय, बाजूला सहा फूट जागा आहे. तेवढ्यात व्हीलचेअरचा रॅम्प बसवून द्या." बहुतेक ठिकाणी तो बसत नाही. काम सुरू होण्याआधीच हे कळले असते, तर पैसा आणि तोडफोड दोन्ही वाचले असते.

हिशेब सोपा आहे. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे जोते जितके इंच, रॅम्प तितके फूट. कृष्णेचा २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिल्यावर आपल्याकडे जोते उंच घेतात आणि ते बरोबरच आहे. पण जोते २ फूट असेल तर नुसता उतारच २४ फूट होतो. वर दारापुढे आणि खाली सुरुवातीला ५-५ फुटांची सपाट जागा लागते, खुर्ची थांबायला आणि वळायला. झाले ३४ फूट. समोर एवढी जागा नसेल तर रॅम्प दुमडता येतो: १२ फुटांच्या दोन पट्ट्या, मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा. हे साधारण २२ बाय ९ फुटांत बसते. जोते अडीच फुटांच्या वर गेले तर सरळ रॅम्पलाही मध्ये सपाट टप्पा द्यावाच लागतो.

सहा फुटांत २ फूट चढवले तर उतार १:३ होतो. चढताना खुर्चीची पुढची छोटी चाके उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. उतरताना मागे धरणाऱ्याला वजन आवरत नाही. असा उतार दुचाकी चढवायला ठीक, पण त्यावर व्हीलचेअरचे निळे चिन्ह लावलेले आम्ही सतत पाहतो. अशा उतारावर आम्ही चिन्ह लावून देत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण ते चिन्ह पाहून एखादा माणूस विश्वासाने त्यावर खुर्ची घालणार असतो.

तुमचा आत्ताचा रॅम्प तपासायचा असेल तर मिस्त्रीची ४ फुटी लेव्हल घ्या. एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवा, खालचे टोक उचलून बुडबुडा मध्यावर आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. ४ इंच किंवा कमी असेल तर उतार योग्य. ६ इंच आली तर तो १:८ आहे, मदतनिसाशिवाय चढणार नाही. मोबाइलच्या लेव्हलवर ५ अंशांच्या आत यायला हवा.

नवीन काम असेल तर उंची कुठून कुठे मोजता, इथेच घोळ होतो. कोब्यापासून (फरशीखालच्या काँक्रीटपासून) नव्हे, तयार फरशीपासून मोजा. मसाला आणि टाइल मिळून २ इंच वाढले की रॅम्प २ फुटांनी वाढतो. खालचे माप पायरीपाशी घेऊ नका, रॅम्प जिथून सुरू होणार तिथे घ्या, कारण रस्त्यालाही ढाळ असतो. पाण्याची लेव्हल नळी लावली की खरा फरक कळतो.

पृष्ठभागाला चकचकीत ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड नको. पावसाळ्यात ओल्या चपलेने चालणारेही घसरतात. ओले असताना झाडू फिरवून खरखरीत केलेले काँक्रीट किंवा फ्लेम फिनिश (आगीने खरखरीत केलेला) दगड चांगला. खोल खाचांच्या पार्किंग टाइल्सने खुर्ची हादरते. गटारावरच्या जाळीची फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको आणि तिचे गज चालण्याच्या दिशेला आडवे हवेत, नाहीतर पुढचे चाक अडकते. रेलिंग दोन्ही बाजूंना, दीड इंची गोल पाइपचे: एक पाइप ३० इंचांवर, दुसरा ३५ इंचांवर, दोन्ही टोकांना फूटभर पुढे नेलेले.

रॅम्प झाला म्हणजे इमारत सुगम झाली असे नाही. दार मोकळे ३ फूट मिळायला हवे. बाहेरून बाहेर ३ फुटांची चौकट घेतली तर दोन्ही उभी लाकडे आणि उघड्या दाराची जाडी जाऊन अडीच फूट उरतात. म्हणून चौकट साडेतीन फुटी सांगा. उंबरा अर्ध्या इंचाच्या वर नको. गोल नॉबऐवजी दांड्याचे हँडल लावा, संधिवात असलेल्या हातालाही ते उघडता येते. काउंटरचा निदान एक भाग अडीच फूट उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा ठेवा.

स्वच्छतागृहात दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. आत ५ फुटांचा गोल मोकळा लागतो, कमोडच्या एका बाजूला ३ फूट जागा आणि सीट १८ ते १९ इंच उंच. ग्रॅब बारवर (आधाराला धरायच्या दांड्यावर) अख्ख्या माणसाचा भार येतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे गिट्टी-स्क्रू मारले तर तो हातात निघून येतो, म्हणून आम्ही आरपार बोल्ट आणि मागे प्लेट देतो. दरात फरक दिसतो तो इथला. आणि कृपया तिथे बादल्या, फडकी, तुटक्या खुर्च्या ठेवू नका.

पिवळ्या उठावाच्या टाइल्समध्ये रेघा म्हणजे चालत राहा आणि ठिपके म्हणजे थांबा, पुढे पायरी, दार किंवा वळण आहे. सगळीकडे ठिपके लावले तर अंध व्यक्तीला पावलोपावली थांबावे लागते. रेघांची पट्टी खांबावर किंवा दुचाकीच्या रांगेत नेऊन सोडली तर इजाच होते. ब्रेलची पाटी दाराच्या वर लावून उपयोग नाही. ती हँडलच्या बाजूच्या भिंतीवर, सुमारे ५ फुटांवर, बोटे पोहोचतील अशी हवी.

"आमची इमारत खासगी आहे" असेही पुष्कळ जण म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लोकांच्या वापरातली खासगी इमारतही सार्वजनिक इमारतच धरली जाते, आणि सुगमतेचे नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे त्यात स्पष्ट आहे. मिरजेत उपचाराला येणाऱ्या वृद्धांना, वॉकर घेऊन चालणाऱ्यांना आणि गरोदर महिलांनाही याच सोयी लागतात.

जागाच नसेल तर मार्ग संपत नाही. एकाच ६ इंची पायरीसाठी ६ फुटांचा घडीचा रॅम्प चालतो. जोते उंच आणि जागा तोकडी असेल तर उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट बसते, मात्र वीज गेल्यावर चालेल असा बॅकअप सोबत घ्या. दोन्ही कामे आम्ही करतो.

फोनवर दर सांगत नाही, कारण जागा न पाहता दिलेला दर पुढे बदलतोच. पाहणीचे शुल्क काम दिल्यास बिलातून वजा होते. फोन करण्याआधी एवढे पाठवा: प्रवेशाचे समोरून आणि बाजूने फोटो, तयार फरशीपासून रस्त्यापर्यंतची उंची इंचांत, दारापासून कंपाउंडपर्यंतची मोकळी जागा आणि नकाशा असल्यास त्याची प्रत. पाया खोदण्याआधी बोलावलेत तर सर्वांत उत्तम; त्या टप्प्यावर रॅम्पची जागा नकाशातच काढता येते आणि तोडायला काहीच नसते.