परदेशात मास्टर्सला जायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांनी आधी कागद जुळवावेत

पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परदेशात मास्टर्स सुरू करायचे असेल, तर यंदाच्या जून-जुलैतच कामाला लागा. विद्यापीठांची यादी नंतर करा, आधी स्वतःचे नाव तपासा. आपल्या सीमाभागात गाडी अडते ती तिथेच. दहावी मराठी माध्यमातून, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात, पदवी कुणाची व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), कुणाची राणी चन्नम्मा विद्यापीठाची, तर कुणाची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. सविता हे नाव इंग्रजीत एका मार्क्स कार्डावर नुसत्या ‘टी’ने, तर दुसऱ्यावर कानडी वळणाने ‘टीएच’ने असते. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. अर्ज तपासणाऱ्याला हे कागद एकाच मुलीचे आहेत हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, मार्क्स कार्ड प्रमाण धरा आणि पासपोर्ट त्याच स्पेलिंगने काढा. पासपोर्टवर आद्याक्षरे चालत नाहीत, पूर्ण नाव लागते. दहावीच्या कार्डातच चूक असेल तर मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. याला वेळ लागतो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी. किरकोळ फरक असेल तर ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे नोटरीचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि ते चालेल का, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारा. बेळगाव शहराचे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले, त्यामुळे जन्मदाखल्यावर जुने नाव असले तरी काळजी नको.

पात्रतेचे म्हणाल तर चार वर्षांच्या बीईला सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सी, बीकॉमवाल्यांनी अमेरिकेतली विद्यापीठे पारखून घ्यावीत, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी बहुधा चालते. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच वर्षे ग्राह्य असतात.

अर्जाला ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा), पदवी प्रमाणपत्र, दोन-तीन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र लागते. शिफारसपत्र प्रोजेक्ट बघितलेल्या सरांकडून घ्या. हुद्दा मोठा पण ओळख नाही, अशा पत्राचा उपयोग नाही. उद्देशपत्र एजंटाकडून मुळीच लिहून घेऊ नका. तुमचे पाच वर्षांचे भविष्य त्या दोन पानांवर ठरते, ती तुमचीच असू द्या.

जर्मनीला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, सक्तीचे आहे. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असे खाते) वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो दाखवावे लागतात. अर्ज करताना चालू आकडा बघून घ्या. व्हिसाचे कार्यालय राहत्या पत्त्यावर ठरते. कर्नाटकचा पत्ता असेल तर मुंबई नव्हे, बंगळूर.

खरी धावपळ कर्जाची. विद्यालक्ष्मी या सरकारी शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, पण मोठ्या रकमेला बँक तारण मागते आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. गावातले घर तारण ठेवायचे असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तू (मिळकतीचा ऑनलाइन) उतारा काढा. तो आजोबांच्याच नावावर असेल तर वारसा नोंद करून घ्यावी लागेल. ऑफर लेटरची वाट न बघता हे काम आताच वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला.