मांडीवरचे बाळ आणि दीडशे किलोंचा हिसका

मोटारीच्या पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला आपल्या मिठीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, असे मनापासून वाटत असते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालली आहे आणि बाळाचे वजन १० किलो आहे, असे समजू. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. बाळाचा संवेग १५० भरतो. टक्कर होऊन गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळाचा हा सारा संवेगही तेवढ्याच वेळात शून्यावर आणावा लागतो. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, तेव्हा १५० ला ०.१ ने भागले की १,५०० न्यूटन येतात. दीडशे किलोंचे ओझे अचानक हातांवर पडावे तसा हा हिसका असतो आणि तो पैलवानाच्या हातांनाही पेलणारा नाही. म्हणूनच लहान मुलाला गाडीला पक्की जखडलेली स्वतंत्र खुर्ची हवी, आणि तीही मागच्या सीटवर.

टक्कर अटळ झाली की या भागाकारातला अंश बदलता येत नाही. छेदातला वेळ मात्र वाढवता येतो, आणि मोटारीतली बहुतेक सुरक्षासाधने हेच एक काम करतात. अपघातात चुरगळलेले बोनेट पाहून ‘पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा किती दणकट होता’ असे हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण तो पत्रा सहज वाकत नसे आणि त्याने वाचवलेला वेळ प्रवाशाच्या बरगड्यांकडून वसूल होई. प्रवाशांभोवतीचा सांगाडा कणखर आणि पुढचे-मागचे भाग मुद्दाम चुरगळणारे, ही मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांची कल्पना १९५९ मध्ये रस्त्यावर आली.

त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा गाड्यांत बसू लागला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही खुले ठेवले. आजचा पट्टा हळू ओढला तर सरसर येतो, हिसका दिला की जागीच अडकतो. अपघातात तो प्रवाशाला चुरगळणाऱ्या गाडीशी बांधून ठेवतो, त्यामुळे गाडीला थांबायला मिळालेला वेळ त्यालाही मिळतो. मागे पट्टा न लावता बसलेला ६० किलोंचा माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि पुढच्या सीटवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तरी पुढे बसलेल्याच्या पाठीशी सरासरी ९,००० न्यूटनांचा रेटा येतो, मग त्याने स्वतः पट्टा लावलेला का असेना.