ठिपके नकोत, पंखाचं मूळ पाहा: ग्लॅब्रिपेनिस की चायनेन्सिस?

काळा चकचकीत भुंगेरा, पाठीवर पांढरे शिंतोडे, अंगाहून लांब पट्टेरी मिशा. चीन-कोरियाकडचा असा नग हाती आला की ठिपके मोजत बसू नये. ॲनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस आणि ॲनोप्लोफोरा चायनेन्सिस या दोन्ही जातींत ठिपके नगागणिक बदलतात. पिवळसर ठिपक्यांच्या नगांना पूर्वी ‘नोबिलिस’ ही वेगळी जात मानत. आता ते ग्लॅब्रिपेनिसमध्येच धरतात.

पाहायचं ते पंखाच्या मुळाशी. दहापटीचं भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पाडा. वरच्या कडक पंखांचा मानेलगतचा भाग गुळगुळीत असेल, तर ग्लॅब्रिपेनिस. तिथे रवा चिकटल्यासारखे २० ते ४० उंचवटे दिसले, तर चायनेन्सिस. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत हे उंचवटे चकाकीत बुडतात. तेवढ्या फोटोवर नाव देऊ नका.

खरं तर एकाच्या नावातच उत्तर आहे: लॅटिनमध्ये ‘ग्लाबेर’ म्हणजे गुळगुळीत, ‘पेन्ना’ म्हणजे पंख. ‘चायनेन्सिस’मधून मात्र काहीच कळत नाही, कारण चीनमध्ये दोन्ही आहेत. इंग्रजी नावं त्याहून फसवी. ग्लॅब्रिपेनिसला ‘एशियन’ म्हणतात, पण चायनेन्सिसही आशियातलाच. चायनेन्सिसला ‘सिट्रस’ म्हणजे लिंबूवर्गीय झाडांचा म्हणतात, पण तो मेपल आणि सफरचंदही पोखरतो.

चायनेन्सिसचं वर्णन फोर्स्टरने १७७१ मध्ये केलं, तेही सेरॅम्बिक्स या जीनसमध्ये (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट). ॲनोप्लोफोरा हा जीनस होपने केला १८३९ मध्ये. म्हणून ‘ॲनोप्लोफोरा चायनेन्सिस (फोर्स्टर, १७७१)’ असं कंसासह लिहायचं; कंस म्हणजे जातीचा जीनस मागाहून बदलला. मोट्शुल्स्कीने ग्लॅब्रिपेनिसला सेरोस्टर्नात ठेवलं होतं, त्यामुळे त्याचंही नाव कंसात. आपल्या आंब्याच्या भिरुडाचंही तेच: डी गेयरने त्याला सेरॅम्बिक्स रुफोमॅक्युलेटस म्हटलं, पण बॅटोसेरा हे नाव स्त्रीलिंगी असल्याने तिथे गेल्यावर ‘रुफोमॅक्युलाटा’ झालं.

जपानमधली ‘मलासियाका’ (malasiaca) ही जात २००२ च्या पुनरावलोकनात चायनेन्सिसमध्ये विलीन झाली. जुनी माहिती शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर जपानमधलं बरंच काम हाती लागणार नाही.

भुंगेरा सापडला नाही तर झाड वाचावं लागतं. ग्लॅब्रिपेनिस बहुधा वरच्या खोडावर आणि फांद्यांवर साल कुरतडून अंडी घालतो. बाहेर पडायची भोकं गोल, पेन्सिल सहज जाईल एवढी. चायनेन्सिस जमिनीलगत राहतो, त्याची भोकं आणि भुसा बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर मिळतो. म्हणून पहिला लाकडी खोक्यांतून परदेशी पोचतो, दुसरा बोन्सायसारख्या जिवंत झाडांतून. खोक्यांच्या लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं उष्णता देता येते, बोन्सायला नाही.

अळीवरून नुसत्या नजरेने जात ठरवू नका. दोघांच्याही अळ्या बिनपायाच्या, पांढुरक्या. डीएनए तपासणीसाठी अळी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.