सलाइनमधून घेतलेल्या बायोलॉजिक औषधाचा त्रास झाला, तर त्याची सरकारी नोंद कशी करावी?

संधिवात किंवा क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या सुजेचे विकार अशा आजारांत इन्फ्लिक्सिमॅब किंवा रिटुक्सिमॅबसारखी जी बायोलॉजिक (म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली) औषधे सलाइनमधून दिली जातात, त्यांचे काम शरीराची प्रतिकारशक्ती आवरून धरण्याचे असते आणि त्यांचे बरेचसे धोकेही त्यातूनच उद्भवतात. त्रास झाल्यावर डॉक्टरांना सांगणे ओघानेच आले. पण त्याची नोंद फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया या औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडेही करता येते. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानके ठरवणाऱ्या संस्थेत आहे.

ही नोंद डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेत्यांप्रमाणेच स्वतः रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करावे लागत नाही, रास्त शंका पुरेशी असते.

कोणता त्रास कळवायचा, याबाबत मात्र गफलत होते. सलाइन चालू असताना थंडी वाजून ताप येणे, अंगावर गांधी उठणे, छाती भरून येणे किंवा धाप लागणे हे लगेच लक्षात येते. अशा वेळी अर्थातच आधी परिचारिकेला हाक मारायची, फॉर्म नंतर. इन्फ्लिक्सिमॅबनंतर काही दिवसांनी सांधे दुखून पुरळ उठली, तर तिचा संबंध औषधाशी असू शकतो हे ध्यानात येतेच असे नाही. त्याहून निसटते प्रकरण क्षयरोगाचे. शरीरात सुप्त असलेले जंतू या औषधानंतर काही महिन्यांनी जागे होऊ शकतात, म्हणूनच उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयाचा सुप्त संसर्ग शोधणारी माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करतात. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी तपासतात, तेही याच कारणाने. तेव्हा इतक्या उशिरा उद्भवलेला संसर्गही नोंदवण्याजोगाच समजावा.

कागदपत्रांचा बडेजाव नाही. आधार कार्ड वा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रुग्णाचे पूर्ण नावही नको, आद्याक्षरे चालतात. वय, आजार, औषध कधी घेतले, त्रास कधी सुरू झाला, सोबत कोणती औषधे चालू होती आणि कळवणाऱ्याचा संपर्क एवढी माहिती हाताशी ठेवावी. डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे रिपोर्ट समोर असले की तारखा चुकत नाहीत.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ब्रँडचे नाव आणि बॅच नंबर. ही औषधे जिवंत पेशींपासून बनतात, एकाच औषधाचे निरनिराळ्या कंपन्यांचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते पर्याय, बाजारात आहेत, आणि नुसते ‘इन्फ्लिक्सिमॅब’ लिहिल्याने नेमके कोणते उत्पादन दिले गेले ते कळत नाही. ६० किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या हिशेबाने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या लागतात, आणि तिन्ही एकाच बॅचच्या असतील याची खात्री नसते. कुप्या कचऱ्यात गेल्यावर हा नंबर शोधणे जिकिरीचे होते. म्हणून औषध विरघळवण्यापूर्वीच प्रत्येक कुपीच्या लेबलाचा फोटो काढून ठेवावा.

रुग्णांसाठीचा फॉर्म कमिशनच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळतो. तो भरून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील दुष्परिणाम निरीक्षण केंद्रात द्यावा. मुंबईत असे केंद्र केईएममध्ये आहे. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर फोन करूनही नोंद होते, तसेच ऑनलाइन सोयही आहे. शुल्क काहीच नाही.

केंद्रातील तज्ज्ञ औषध आणि त्रास यांचा संबंध पडताळतात आणि माहिती राष्ट्रीय केंद्राकडे जाते. तिथून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वीडनमधील संग्रहात पोहोचते. रुग्णाची ओळख गुप्त राहते. मात्र ही काही डॉक्टरांविरुद्धची तक्रार नव्हे, आणि तिच्यातून नुकसानभरपाईही मिळत नाही. पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. नोंद केली म्हणून उपचार परस्पर बंद करू नयेत.