आडरानातल्या धावपट्टीचा राखणदार

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत हिवाळा सरता सरता एक जाहिरात अधूनमधून दिसते. गवताच्या धावपट्टीवर उन्हाळाभर मुक्कामाला राहील असा माणूस हवा, नवरा-बायको असतील तर उत्तम. कामं म्हणजे गवत कापणं, पाणी देणं, स्वच्छतागृहं धुणं, आल्यागेल्याचं बघणं. स्वतःचा ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून नेता येणारं चाकांवरचं घर, घेऊन यायचं, तो उभा करायला जागा आणि पाणी मिळेल. पगार बेताचा. काही ठिकाणी तर तो नसतोच, मिळालेली जागा हाच मोबदला. वाचणाऱ्याला वाटतं, काय चंगळ आहे, उन्हाळाभर फुकटात डोंगरात राहायचं!

ही नोकरी मुळात गवतासाठी निघालेली नव्हती. ती निघाली दिव्यासाठी, आणि ‘तिथंच राहायचं’ ही अटही तिला त्या दिव्यामुळेच चिकटली.

१९२० च्या सप्टेंबरात अमेरिकन टपाल खात्याने न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को विमानटपाल सुरू केलं, पण विमानं उडायची फक्त दिवसा. अंधार पडला की थैल्या आगगाडीत चढवायच्या आणि उजाडलं की पुन्हा विमानात. एवढा उपद्व्याप करून वेळ काही फारसा वाचत नव्हता, आणि हा खर्च कशाला म्हणून विचारणारे लोकप्रतिनिधी वाढत चालले होते. म्हणून २२ फेब्रुवारी १९२१ रोजी रात्रीही न थांबता टपाल पोचवून दाखवायचं ठरलं. दोन्ही किनाऱ्यांवरून दोन-दोन विमानं निघाली. त्यातलं एक नेव्हाडात कोसळलं, वैमानिक गेला. न्यूयॉर्ककडून निघालेल्यांतलं एक वाटेतच उतरलं, दुसऱ्याच्या थैल्या शिकागोला खराब हवेमुळे अडकल्या. सगळी भिस्त राहिली पश्चिमेकडून येणाऱ्या थैल्यांवर, आणि त्या नेणाऱ्या जॅक नाइटवर.

नाइट नॉर्थ प्लॅटहून रात्री निघाला. नेब्रास्काच्या गावांत लोकांनी शेकोट्या पेटवून त्याला वाट दाखवली. ओमाहाला पोचला तर पुढच्या टप्प्याचा वैमानिक तिथे आलेलाच नाही. ओमाहा ते शिकागो ही वाट नाइटने रात्री कधी पाहिलेली नव्हती. रस्त्यांचा नकाशा घेऊन तो तसाच निघाला. मधलं डे मॉइन बर्फाने भरलेलं, उतरायची सोय नाही. आयोवा सिटीच्या मैदानावरची माणसं मोहीम रद्द झाली असं समजून घरी गेली होती. मागे राहिला होता फक्त रात्रीचा रखवालदार. त्याने ढगांत घरघर ऐकली, बाहेर येऊन मशाल पेटवली, आणि इंधन संपत आलेलं विमान त्या उजेडात उतरलं. सकाळी थैल्या शिकागोला पोचल्या. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत लागले ३३ तास २० मिनिटं.

नाइट रातोरात देशाचा लाडका झाला. या गोष्टीच्या बहुतेक वर्णनांत रखवालदार मात्र नुसता ‘रखवालदार’च आहे. टपाल खात्याने धडा घेतला तो त्याच्याकडूनच. वाटेवरच्या मैदानात रात्री माणूस असला आणि त्याच्या हातात उजेड असला, तर विमान वाचतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत या एका मशालीची सरकारी यंत्रणा झाली. सुरुवात शिकागो ते शायेन या मधल्या पट्ट्यात. जमीन सपाट, आणि कुठल्याही किनाऱ्यावरून सकाळी निघालेलं विमान संध्याकाळपर्यंत तिथं पोचायचं, म्हणजे रात्रीचा प्रवास याच भागात. १ जुलै १९२४ पासून नियमित रात्रसेवा सुरू झाली. पुढे ही मांडणी ठरूनच गेली. साधारण दर दहा मैलांवर ५१ फुटी लोखंडी मनोरा, वर दहा सेकंदांत एक फेरा घेणारा दिवा, पायथ्याशी पुढच्या मनोऱ्याकडे बोट दाखवणारा सिमेंटचा पिवळा बाण. दर तीसेक मैलांवर अडचणीत उतरायला एक मैदान. मनोऱ्यावर मुख्य झोताखाली आणखी दोन रंगीत दिवे असायचे. जवळ मैदान नसेल तर लाल, असेल तर हिरवे. ते मोर्सच्या खुणेत एक अक्षर लुकलुकवत, त्यावरून शंभर मैलांतला हा कितवा मनोरा ते वैमानिकाला कळायचं.

१९२६ च्या हवाई वाणिज्य कायद्यानंतर या वाटा वाणिज्य खात्याकडे गेल्या आणि ते काम सोपवलं गेलं थेट दीपगृह विभागाकडे. समुद्राकाठचे दिवे सांभाळणारं खातं आता गवताळ मैदानांतले आणि डोंगरांतले दिवे सांभाळू लागलं. माणूस नेमायची रीतही दीपगृहाचीच. जिथे वीज होती आणि जवळ शेतकऱ्याचं घर होतं, तिथे बहुधा त्याच शेतकऱ्याची जमीन भाड्याने घ्यायची आणि त्यालाच महिन्याला थोडेफार पैसे देऊन राखणदार करायचं. गुरं मैदानात शिरू द्यायची नाहीत, दिवे लागलेत का बघायचं, बर्फ पडलं की कळवायचं. पण वाळवंटात आणि डोंगरात विजेची तार पोचलेली नव्हती. तिथे मनोऱ्याच्या पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीत इंजिनावर चालणारा जनरेटर असायचा. तो बिघडला तर तासाभरात कुणी येईल अशी सोयच नव्हती. अशा ठिकाणी माणूस तिथेच राहणं भाग होतं, आणि माणूस राहिला म्हणजे बिऱ्हाडही आलं. जिथे रेडिओ आणि टेलिटाइप (तारेवरून मजकूर पाठवणारं टंकयंत्र) होता तिथे दर तासाला हवामान पाहून पुढे कळवायचं, रात्री दोनला आणि पहाटे पाचलाही.

या कामाचा मुख्य ऐवज म्हणजे वाट बघणं. बहुतेक रात्री मैदानात कुणी उतरत नसे. विमान वरून जायचं, हिरवा दिवा बघायचं आणि निघून जायचं. राखणदाराने आपलं काम चोख केलं याचा पुरावा एवढाच, की काही घडलं नाही. आपल्याकडच्या जुन्या डाकबंगल्याच्या खानसाम्याला हे बरोबर समजलं असतं. साहेब महिनाभर फिरकत नाही, पण आला त्या क्षणी पाणी गरम हवं.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा वाटेवर ना दिवे होते ना रेडिओ. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, मग मुक्काम पुण्याला हलवायचा. उड्डाण दिवसाउजेडीच, त्यामुळे रात्रभर दिवा सांभाळायला कुटुंबासह मैदानात राहणारा माणूस आपल्या टपालवाटेला लागलाच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या धावपट्टीवरचा आपला चौकीदार वेगळ्या कुळातला, त्याची परंपरा सरकारी विश्रामगृहाची. मंत्र्याचं विमान यायच्या आधी गुरं हाकलणं तेवढं दोघांत समान.

अमेरिकेतल्या दिव्यांना मारलं रेडिओने. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून वैमानिकाला कानातल्या आवाजावरून वाट सापडू लागली. विमानं लांब पल्ल्याची झाली, मधली मैदानं ओलांडून जाऊ लागली. दिवे आपोआप लागू-विझू लागले. केंद्र सरकारने शेवटचे मनोरे १९७३ पर्यंत बंद केले. माँटाना राज्याने मात्र डोंगरातले काही दिवे स्वतःच्या खर्चाने पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवले. मूळ कल्पना अगदी मेली असंही नाही. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर आजही धावपट्टी राखलेली आहे, ती मुख्यतः दोन इंजिनांच्या विमानांना अडीअडचणीला उतरता यावं म्हणून. बेटावर मूठभर कर्मचारी आणि लाखो अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी. जुलै २०१४ मध्ये होनोलुलूहून ग्वामला निघालेलं तीनशेहून अधिक प्रवाशांचं विमान तिथे अचानक उतरलं, तेव्हा सगळी सरबराई त्या मूठभर माणसांनी केली.

मग दिवे गेल्यावर ही नोकरी उरली कुठे? आयडाहोच्या जंगलात, आणि तिथे तिचं कारण दिवा नव्हतं, आग होती. ऑगस्ट १९१० च्या वणव्यात आयडाहो आणि माँटानात सुमारे ३० लाख एकर जंगल दोन दिवसांत जळालं. मेलेल्यांत बहुतेक आग विझवणारेच होते. आग लहान असतानाच गाठायची, हे वनखात्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. खेचरावरून पोचायला दिवस लागायचे, म्हणून नदीकाठच्या कुरणांत विमानाच्या पट्ट्या निघाल्या. १२ जुलै १९४० रोजी नेझ पर्स जंगलातल्या एका आगीवर पहिल्यांदा दोघे पॅराशूटने उतरले, ते याच मुलखात. खाणवाले, शिकारी, दूरच्या रँचवरची माणसं, सगळ्यांनाच या पट्ट्यांची सवय लागली. पुढे राज्यानेही आपल्या अशा पट्ट्या सांभाळायला घेतल्या.

कायद्यानेही त्यांना विचित्र संरक्षण दिलं. १९६४ च्या अरण्य कायद्याने राखीव अरण्यात यंत्रांना बंदी केली, पण जिथे विमानं आधीपासून उतरत होती तिथे ती उतरू देण्याची वाट ठेवली. १९८० च्या मध्य आयडाहो कायद्याने त्याहून पुढे जाऊन तिथल्या नियमित वापरातल्या पट्ट्या राज्याच्या लेखी संमतीशिवाय कायमच्या बंद करायच्या नाहीत असं बजावलं. यंत्रबंदीचा परिणाम राखीव अरण्यातल्या मूस क्रीकच्या पट्टीवर बघावा. तिथे विमान इंजिनासकट उतरतं, पण गवत कापायला इंजिनाचं यंत्र चालत नाही. धावपट्टीवरचं गवत खेचरं जुंपलेल्या कापणीयंत्राने कापलं जातं, आणि आडवं पडलेलं झाड हातकरवतीने. या सगळ्या पार्श्वभूमीत मला सर्वांत आवडणारं दृश्य हेच आहे. एका टोकाला छोटं सेस्ना विमान, दुसऱ्या टोकाला खेचरांची जोडी.

राखीव अरण्याच्या बाहेर असलेल्या जॉन्सन क्रीकला ही अडचण नाही. यलो पाइन या चिमुकल्या गावाजवळची ही राज्याची पट्टी, ३,४०० फूट लांब, समुद्रसपाटीपासून जवळपास ५,००० फूट उंच, दोन्ही बाजूंना डोंगर. उन्हाळ्यात इथे राखणदार मुक्कामाला असतो. पट्टीवर हिरवळ राखलेली, कडेला तंबू, गरम पाण्याची आंघोळ, गावात जायला जुनी गाडी. जुलैतल्या शनिवारी इथे जत्रा असते.

राखणदाराचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो, कारण विमानंही पहाटेच निघतात. दरीत उतरताना तोंड वरच्या अंगाला, उडताना खालच्या अंगाला, हा इथला रिवाज. दुपारी ऊन तापलं, पारा ३० अंशांवर गेला की ५,००० फुटांवरची हवा ८,००० फुटांवरच्यासारखी विरळ होते. विमानाचा जोर कमी पडतो आणि समोर डोंगर असतो. तर पहाटे पहिलं काम, पट्टीवर हरणं आहेत का बघणं. दुसरं, बिळं. जमिनीत राहणाऱ्या खारी रातोरात भोक पाडतात, मुठीएवढं का होईना. पळत्या विमानाचं पुढचं चाक त्यात गेलं तर नाक खाली येतं, पंखा मातीत घुसतो आणि मग नुसता पंखा बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. म्हणून राखणदार फावडं घेऊन पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, बीळ दिसलं की माती भरतो, पायाने दाबतो, पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग फवाऱ्याचे पाइप सरकवणं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉकचं कापड फाटलंय का बघणं, संडासातला कागद, जळाऊ लाकडं.

या नोकरीची खरी ओढाताण मात्र पाइपांत नाही. इथे नियंत्रण मनोरा नाही, नियंत्रक नाही, वैमानिक रेडिओच्या १२२.९ या कंप्रतेवर आपापलं ठिकाण सांगतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. राखणदार वारा कुठून आहे एवढं सांगू शकतो. ‘उतरा’ किंवा ‘उडू नका’ म्हणायचा अधिकार त्याला नाही. चार माणसं, तंबू, कुत्रं आणि भरलेल्या टाक्या घेऊन कुणी दुपारी दोनला निघाला, तर तो फार तर म्हणेल, ‘अहो, संध्याकाळी गार झाल्यावर निघालात तर?’ ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर हात बांधून बघत उभं राहायचं, आणि बरंवाईट झालं तर तिथे पहिल्यांदा पळत पोचणाराही तोच. जुन्या हिरव्या दिव्याच्या माणसाकडे निदान सांगण्यासारखं एक काम होतं. याच्याकडे जबाबदारी आहे, हुकूम नाही.

आणि जागेचं काय? १९३० च्या दशकात घर दिलं जायचं ते कामाची गरज म्हणून, कारण इंजिन रात्री बंद पडायचं. आता पुष्कळ ठिकाणी तीच जागा पगाराच्या जागी धरली जाते. वरिष्ठांशी पटलं नाही की नोकरीबरोबर घरही जातं. रविवार असा नसतो, कारण दारातच काम आहे आणि ट्रेलरचं दार वाजवायला कुणालाच संकोच वाटत नाही. म्हणूनच या कामाला येतात ती बहुधा निवृत्त जोडपी, ज्यांचं पेन्शन दुसरीकडून येतं. तरुण माणसाने संसार यावर उभा करावा अशी ही नोकरी आता राहिलेली नाही.

शरद ऋतूत रात्री गोठायला लागतात. मग पाण्याची मुख्य चावी बंद करायची, एकेक नळ उघडून पाइपांतलं पाणी पूर्ण काढून टाकायचं, नाहीतर बर्फ होऊन ते फुटतात. जॉन्सन क्रीकच्या पट्टीवर हिवाळ्यात बर्फ काढत नाहीत, पडेल तसं पडू देतात. घाटात पहिलं मोठं बर्फ पडायच्या आत ट्रेलर गाडीला जोडून खाली न्यायचा असतो.