गाठ म्हणजे कॅन्सरच का? आणि सुई लावली तर?

“गाठ म्हणजे कॅन्सर, आणि सुई टोचली की तो पसरतो,” असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. गाठ म्हणजे बऱ्याचदा पेशींची जादा वाढ. चरबीची गाठ किंवा गर्भाशयातली फायब्रॉइड नावाची गाठ आपल्या जागीच वाढते. कॅन्सरच्या पेशी मात्र शेजारच्या भागात घुसतात, रक्तातून दूरही जातात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर बहुधा गाठच नसते. साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ नेहमीच निरुपद्रवी असंही नाही. मेंदूत ती दाब आणते.

हाताने चाचपून खात्री होत नाही, न दुखणारी गाठही कॅन्सरची निघू शकते. म्हणून बारीक सुईने पेशी किंवा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं फार दुर्मिळ. जिथे धोका जास्त, उदाहरणार्थ अंडकोषात, तिथे डॉक्टर सुई टाळतातच. रिपोर्टमध्ये ‘बिनाइन’ म्हणजे साधी, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सर.