गाडी जुनी, मॅप नवा: ट्यूनर हात आखडता का घेतात

कोल्हापूरच्या सेकंड हँड बाजारात पुण्या-मुंबईचं पासिंग असलेल्या टर्बो गाड्यांना हमखास गिऱ्हाईक मिळतं. स्कोडा लॉरा व्हीआरएस, लिनिया टी-जेट, पोलो जीटी टीएसआय, क्वचित एखादी अबार्थ पुंटो. एमएच-०९ च्या पोरांच्या हातात गाडी पडली की पहिली चौकशी रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवण्याची. उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच येतं: आधी इंजिन तपासून आणा, मग बघू. मालकाला वाटतं ट्यूनर भाव खातोय. खरं कारण वेगळं आहे आणि ते कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून समजून घ्यावं लागतं.

तेव्हा गाडीत दम वाढवायचा म्हणजे इंजिन उघडायचं, दुसरा मार्गच नव्हता. उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर हात बसलेले मेस्त्री हेड उतरवायचे, फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवायचे, पोर्ट घासून मोठे करायचे, गरज पडली तर ब्लॉक रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. मग कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग कानानं लावायचं. या सगळ्यात बोअरची झीज, रिंगांची अवस्था, व्हॉल्व्ह सीट, बेअरिंग सगळं डोळ्यांखालून जायचं. ट्यूनिंग आणि तपासणी अशी वेगळी कामं नव्हतीच.

ती वेगळी झाली इलेक्ट्रॉनिक्समुळे. बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली आणि इंधन व ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या ताब्यात गेली. किती आरपीएमला, किती लोडला किती इंधन आणि किती अंश आधी ठिणगी, हे आकड्यांच्या तक्त्यात बसलं. तो तक्ता म्हणजेच मॅप. सुरुवातीला तो काचेची खिडकी असलेल्या चिपमध्ये असायचा. ती काढून अतिनील प्रकाशात पुसायची आणि नवे आकडे भरून परत बसवायची. पुढे फ्लॅश मेमरी आली, डॅशबोर्डखालचं तपासणीचं ओबीडी सॉकेट आलं आणि चिप उपसायची गरजही संपली.

आपल्याकडे २००४ च्या ऑक्टाव्हिया आरएसनं टर्बो पेट्रोलची चटक लावली, पण रिमॅप हा शब्द घरोघरी नेला तो कॉमन रेल डिझेलनं. त्यानंतर लिनिया टी-जेट (२०१०), १६० पीएसची लॉरा व्हीआरएस (२०११), १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय (२०१३), १४५ पीएसची अबार्थ पुंटो (२०१५) अशी रांग लागली. लॅपटॉप जोडा, फाइल टाका, चहा होईपर्यंत काम खलास. बॉनेट उघडायचं कारणच उरलं नाही.

फुकटची वाटणारी ही ताकद येते कुठून? कंपनी एकच मॅप राजस्थानच्या उन्हाळ्यासाठी, लडाखच्या उंचीसाठी, साध्या पेट्रोलसाठी आणि वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या मालकासाठीही लिहिते. त्यामुळे ती हातचं राखून ठेवते. स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता फक्त मॅप) टर्बो पेट्रोलमधून वीस-तीस टक्के जास्त काढतो तो याच शिलकीतून. नवीन गाडीत ही शिल्लक खरोखर जागेवर असते.

दहा-बारा वर्षांच्या गाडीत ती वयानं आधीच खाल्लेली असते. रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं. ऑइलची वाफ मिसळलेलं मिश्रण लवकर नॉक करतं, म्हणजे आपोआप भडकून ठोके देतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचा थर बसत जातो. टर्बोच्या शाफ्टमध्ये खेळ येतो, रबरी होजला केसाएवढ्या चिरा जातात, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) गळतं आणि ते भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो. इंधन पंपाचा दाब उतरतो, ठिणगीच्या कॉइल दमतात. लॉराच्या १.८ टीएसआय घराण्यात टायमिंग चेनच्या टेन्शनरचं दुखणं जगभर माहीत आहे. पोलोच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्क झेलायची क्षमता २५० न्यूटन मीटर, तीही क्लच नवे असताना. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ मॅपवर हे सगळं झाकून जातं. संगणक टायमिंग मागे घेऊन सांभाळून घेतो आणि मालक म्हणतो, गाडी मक्खन आहे.

म्हणून जाणता ट्यूनर फाइलच्या आधी लॉग, म्हणजे धावत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद मागतो. कागलकडच्या हायवेवर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारापासून सहा हजार आरपीएमपर्यंत एक ओढ, लॅपटॉपवर आकड्यांचे रकाने. मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट यांत अंतर आहे का? चार सिलिंडरपैकी एकटा तिसरा पाच-सहा अंश टायमिंग मागे घेतोय का? घेत असेल, तर त्या सिलिंडरला आहे तेवढंच काम झेपत नाहीये. त्यावर आणखी बूस्ट चढवणं याला ट्यूनिंग म्हणत नाहीत.

आणि गाडी काही हायवेवरच राहत नाही. कोकणातून करूळ घाट चढताना वेग कमी, लोड जास्त. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा लागत नाही, आत जाणारी हवा तापते. लॉग साफ आलेली गाडीही तिथं नॉक करू शकते.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचं कौतुक असणारच, पण जुन्या गाड्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या नाहीत. एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे इंजेक्टरना आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. इथेनॉल नॉकला आवर घालतं हे खरं, पण दमलेल्या पंपाला हा जादा बोजा झेपला नाही तर फुल थ्रॉटलला मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. आधीच्या इंधनावर बेतलेली तयार फाइल अशा गाडीत टाकणं मला तरी बेजबाबदारपणा वाटतो.

ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, स्वतःचं वय हा आणखी वेगळा ताप. काही ईसीयू ओबीडीवरून वाचता येत नाहीत. बाहेर काढून, सीलंट तापवून, झाकण उचकटून टेबलावर जोडावे लागतात. फाइल लिहिताना जुनी बॅटरी मधेच बसली तर गाडी जागेवर ठप्प. चोरी रोखणारा इमोबिलायझर त्याच ईसीयूशी बांधलेला असल्यानं दुसऱ्या गाडीचा डबा आणून तसाच लावता येत नाही. लिनिया-अबार्थ विकणाऱ्या फियाटनं तर इथलं दुकानच आवरलंय.

धंद्याच्या अंगानंही यात गोडी नाही. रिमॅपनंतर सहा महिन्यांनी टर्बो गेला, क्लच घसरला, अगदी एसी बंद पडला तरी बोट ट्यूनरकडेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओसमोर उभी करायची असते, ते निराळंच.

त्यामुळे आता अटी ठरून गेल्यात: कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतो का ते बघायला), व्हॉल्व्हची काजळी साफ, नवे प्लग-कॉइल, होज बदललेले, आणि मगच लॅपटॉप. हा खर्च रिमॅपच्या पैशांवर सहज जातो, म्हणून निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात. बाजारातून घेतलेल्या गाडीत तर कुणीतरी आधीच एक अनोळखी फाइल टाकून ठेवलेली असते आणि मूळ फाइल कुणाकडेच नसते. अशा वेळी ट्यूनर ईसीयूच्या स्टिकरवरून हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर जुळवतो, स्टॉक फाइल शोधून परत टाकतो आणि फक्त तेवढ्याच कामाचे पैसे घेतो.